मोटार, ड्रॉइंगप्रमाणे

सुखदेव मेश्राम पार्किंगमध्ये मोटार बांधणार आहेत, ही बातमी बिबवेवाडीच्या श्रमसाफल्य सोसायटीत सकाळी सातला फुटली आणि सव्वासातला पहिला सल्ला आला. तो तळमजल्यावरच्या मालनबाईंचा होता. त्यांनी खिडकीतूनच विचारलं, "बांधाल हो, पण गेटमधून बाहेर जाईल का?"

साडेसातपर्यंत हाच प्रश्न आणखी चौघांनी विचारला. पाचव्यांदा तो दूधवाल्याने विचारला, तोही सायकलवरून न उतरता.

सुखदेवरावांना राग आला आणि तो रास्त होता. हा माणूस पिंपरीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तपासणी खात्यात होता. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात पेन नसलं तर चालत असे, केसाएवढा फरक मोजणारं व्हर्नियर कॅलिपर मात्र असेच. मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्याच्या चारही साखळ्या मोजून पाहिल्या होत्या आणि एक बदलून आणायला लावली होती. असा माणूस गेट मोजल्याशिवाय मोटार बांधायला घेईल? त्यांनी गेट तीनदा मोजलं होतं: सकाळी, भर दुपारी आणि सूर्य कलल्यावर, कारण लोखंड उन्हात वाढतं. गेट सात फूट, मोटार पाच फूट दोन इंच. आठव्या दिवशी त्यांनी पार्किंगच्या खांबावर पाटी लावली: "मोटार गेटमधून जाते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा इंच उरतात. पुन्हा विचारू नये."

पाटी वाचून लोक विचारू लागले, "दोन्ही बाजूंना सारखेच कसे उरतात?"

मोटार म्हणजे साधी मोटार नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडात धावत असे तसली, टप नसलेली, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी तांबडी स्पोर्ट्स कार. खरी नव्हे, तिची हुबेहूब नक्कल. सुखदेवरावांची मुलगी कल्याणी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला इंटरनेटवर एका इंग्रज गृहस्थाने लिहिलेला 'घरच्या घरी स्पोर्ट्स कार कशी जोडावी' असा उपदेश सापडला. तिने तो ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणला. पानं भरली एकशे बारा. शेवटी मापांसकट ड्रॉइंगं होती. सुखदेवरावांनी ड्रॉइंगं पाहिली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

दोन वर्षं अशासाठी, की दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारखान्यात बाहेरची यंत्रं आली, माणसं कमी करायची ठरली आणि साठ जणांचा निरोपसमारंभ स्वारगेटजवळच्या एका कार्यालयात झाला. तिथे रावसाहेब भिंताडे बोलायला उभे राहिले. रावसाहेब गिअर खात्याचे फोरमन, सुखदेवरावांच्याच सोसायटीचे चेअरमन, आणि ज्यांचा माल सुखदेवरावांनी अठ्ठावीस वर्षं लाल चिठ्ठी बांधून परत पाठवला असे गृहस्थ. रावसाहेब माइकवर म्हणाले, "आपण सगळ्यांनी इथं काही ना काही बनवलं. मेश्रामसाहेबांनी मात्र एक वॉशरसुद्धा बनवला नाही. दुसऱ्याने बनवलेला परत पाठवला!"

सभागृह मिनिटभर हसत होतं. सुखदेवरावही हसले, कारण व्यासपीठावर बसलेल्या माणसाला दुसरा मार्ग नसतो. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. परतताना स्कूटरवर, मार्केट यार्डापाशी, त्या म्हणाल्या, "खोटं तर नाही बोलले ते." हे सुखदेवरावांना फार लागलं.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. आपल्या हाताने एक अख्खी वस्तू बनवायची आणि निवृत्तांच्या फेब्रुवारीतल्या मेळाव्याला, त्याच कार्यालयाच्या दारात, प्रेमलाबाईंना शेजारी बसवून नेऊन उभी करायची. प्रेमलाबाईंचं म्हणणं होतं की एखादं स्टूल बनवलं असतं तरी भागलं असतं, शिवाय घरात स्टूल हवंच होतं. पण साठ माणसांचं हसणं स्टुलाने भरून येत नसतं.

इंग्रज गृहस्थाचा पहिला उपदेश असा होता: काम सुरू करण्यापूर्वी बायकोची परवानगी घ्यावी. प्रेमलाबाई मूळच्या भंडाऱ्याच्या. रागावल्या की पुण्याची सगळी वर्षं गळून पडत आणि भंडारा बाहेर येई. "काहून विचारता मले?" त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं तं थांबणार हाव का तुम्ही?" सुखदेवरावांनी यादीत पहिल्या कलमापुढे बरोबरची खूण केली.

दुसरा उपदेश: कामाच्या जागी कोणाला येऊ देऊ नये. इंग्रजाच्या गॅरेजला दार असावं. श्रमसाफल्यच्या पार्किंगला दार नव्हतं, वर सोळा बिऱ्हाडं होती आणि त्यांतल्या अकरांत कारखान्यातून निवृत्त झालेले, हाताला काम नसलेले आणि अवजारांची दांडगी माहिती असलेले पुरुष होते. ते सकाळी नऊला चहा घेऊन खाली येत आणि दुपारी एकला, कामावरून आल्यासारखे दमून, वर जात. मधल्या वेळात ते सुखदेवरावांना मोटार शिकवत. वेल्डिंग डावीकडून सुरू करावं असं तिघांचं मत होतं, उजवीकडून असं चौघांचं. उरलेल्यांचं म्हणणं होतं की नट-बोल्टच बरे, कारण उद्या मोडीत द्यायची तर सुटी करायला सोपी.

प्रत्यक्ष वेल्डिंग मात्र एकट्या हिंदुरावांनी केलं. हिंदुरावांचं नाक्यावर वेल्डिंगचं दुकान होतं. माणूस सासवडकडचा, बोलायला कमी. लोखंडी नळ्यांची चौकट जमिनीवर मांडून झाल्यावर त्यांनी बिडी विझवली, खाली वाकून पाहिलं आणि एकच सल्ला दिला.

"मेश्रामसाहेब, गाडी लई खाली हाय. तीन इंच उचला."

सुखदेवरावांनी चष्मा लावून ड्रॉइंग उलगडलं. "जमिनीपासून पोटापर्यंत साडेचार इंच. हे बघा, लिहिलंय."

"लिवलं आसंल. पण रस्ता बी हाय की पुढं."

"हिंदुराव, ड्रॉइंगमध्ये साडेचार आहे."

हिंदुरावांनी विझवलेली बिडी पुन्हा पेटवली. ड्रॉइंगपुढे बोलायचं नसतं हे कारखान्यातल्या माणसांची कामं करणाऱ्याला कळत असतं. खरं म्हणजे कारखान्यातही यावर एक तोड होती. माल ड्रॉइंगपेक्षा थोडा वेगळा निघाला, पण कामाला चालणार असला, तर डेव्हिएशनचा कागद भरायचा: फरक किती, कारण काय, खाली बनवणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. मग माल सुटायचा. रावसाहेबांनी असा कागद अठ्ठावीस वर्षांत अडतीस वेळा पुढे केला होता. सुखदेवरावांनी त्यावर एकदाही सही केली नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता.

मोटारीचं इंजिन एका मोडीत निघालेल्या टॅक्सीचं मिळालं. घड्याळं आणि धक्के झेलणारे कमानपाटे बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून जमले. प्रश्न राहिला अंगाचा. फायबरचं काम करणारा कात्रजकडे एकच माणूस होता, बद्रीनाथ. तो गणेश मंडळांना फायबरचे हत्ती आणि बागांना घसरगुंड्या करून देई. मोटार त्याने कधी केली नव्हती, पण "गोलाईच आहे ना, करून टाकू," म्हणाला.

पहिलं बॉनेट आलं ते पाहून सोसायटी गहिवरली. मालनबाईंनी तर हात जोडले. बॉनेट सुबक होतं यात शंका नाही, पण दोन्ही बाजूंना जो बाक होता तो हत्तीच्या कानाचा होता आणि समोरून पाहिलं की मोटार आत्ता सोंड वर करील असं वाटे. सुखदेवरावांनी व्हर्नियर काढलं, बावीस ठिकाणी मोजलं आणि सवयीने लाल चिठ्ठी बांधली. दुसरं बॉनेट घसरगुंडीवर गेलं होतं. तिसरं जमलं. बद्रीनाथ जाताना प्रेमलाबाईंना म्हणाला, "काकू, तुम्ही यांच्याबरोबर संसार कसा केलात?" प्रेमलाबाई म्हणाल्या, "मी बी एक डाव परत जाणार होती बापा. गाडीच लागली नाही तेव्हा भंडाऱ्याची."

एवढ्यात रावसाहेबांनी चेअरमन या नात्याने सूचनाफलकावर लिहिलं: "पार्किंगमध्ये कारखाना चालवू नये. चालवल्यास त्यातून निदान काहीतरी बाहेर पडावं." खाली सही, शिक्का. सुखदेवरावांनी खाली पेन्सिलीने लिहिलं, "पडेल."

त्याच थंडीत आणखी एक बारीकशी गोष्ट घडली. सोसायटीसमोरच्या रस्त्यावर तरणी पोरं मोटरसायकली सुसाट नेत. अर्ज करून दमल्यावर रावसाहेबांनी वर्गणी काढली, दोन पोती सिमेंट आणलं आणि एका रविवारी सगळ्यांनी मिळून फाटकापासून चाळीस पावलांवर स्पीडब्रेकर घातला. रावसाहेबांनी कागदावर त्याचंही चित्र काढलं होतं: उंची सात इंच. सुखदेवरावांना तपासायला बोलावलं. त्यांनी मोजून पाहिलं. सहा भरली. "एक इंच कमी आहे," ते म्हणाले आणि निघून आले. शिव्या देत लोकांनी आणखी एक थर चढवला. मग पुन्हा मोजून सुखदेवरावांनी मान डोलावली. बिबवेवाडीत एवढा अचूक स्पीडब्रेकर दुसरा नव्हता.

जानेवारीत इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. ही सकाळ श्रमसाफल्यमध्ये अजून सांगतात. किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा त्याने असा काही आवाज दिला की दुसऱ्या मजल्यावरच्या कपबशा हलल्या. मालनबाईंचे वाळत टाकलेले पापड काळे झाले. अकरा निवृत्त एकमेकांना मिठ्या मारत होते, वेल्डिंग डावीकडून म्हणणारे उजवीकडूनवाल्यांना. हिंदुरावांनी बिडी उलटी पेटवली. कल्याणीने ऑफिसला फोन करून घरी आजारी माणूस असल्याचं सांगितलं आणि मागे हा गोंगाट. सुखदेवराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसले होते. डोळे पाणावले होते आणि ते धुरामुळे असं त्यांनी सर्वांना सांगितलं. प्रेमलाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्या दिवशी सुकटीची चटणी न मागता झाली.

आता राहिली आरटीओची पायरी. नोंदणीशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही, म्हणून सुखदेवरावांनी ती टेम्पोत चढवून नेली. जुन्या टॅक्सीचं नोंदणीचं पुस्तक होतं, अंगात बदल केल्याचा अर्ज करायचा होता. अधिकारी शांत गृहस्थ होते.

"ही कोणी बनवली?"

"मी."

"तसं नाही. कंपनी कुठली?"

"कंपनी नाही. मीच."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "मेश्रामसाहेब, रकाना रिकामा सोडता येत नाही." सुखदेवरावांना या माणसाबद्दल मनापासून आदर वाटला. रकाना त्यांनीही कधी रिकामा सोडला नसता. शेवटी मूळ टॅक्सीच्या कंपनीचं नाव घालायचं ठरलं. अधिकाऱ्यांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबला, दिवे लावले आणि म्हणाले, "उत्तम. सही करतो."

इथे शहाण्या माणसाने नमस्कार करून निघायचं असतं. सुखदेवराव म्हणाले, "साहेब, डावा दिवा एक अंश वर बघतोय."

"मला नाही दिसत."

"मला दिसतोय."

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग दुरुस्त करून आणा," ते म्हणाले. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. टेम्पोवाल्याने परतीच्या वाटेवर तीनदा विचारलं की गाडी चालत नाही का, आणि सुखदेवराव तीनदा म्हणाले की चालते, पण आत्ता चालवायची नाही. तो म्हणाला, "आमच्या मेव्हण्याचंबी असंच हाय."

कागद हातात पडला तो मेळाव्याच्या आदल्या दिवशी.

रविवारी सकाळी नऊला श्रमसाफल्य सोसायटी गॅलऱ्यांत उभी होती. मोटार पुसून अशी केली होती की बॉनेटमध्ये मालनबाईंची खिडकी दिसत होती. सुखदेवरावांनी सफारी घातला होता. प्रेमलाबाईंनी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती, आणि टप नसल्यामुळे डोक्यावरून स्कार्फ घट्ट बांधला होता. "हसताय काहून?" त्या म्हणाल्या. सुखदेवराव म्हणाले, "हसत नाही." पण ते हसत होते, कानापर्यंत.

मोटार गेटमधून गेली. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा इंच उरले. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. सुखदेवरावांनी खांबावरच्या पाटीकडे बोट दाखवलं, हॉर्न वाजवला, गिअर टाकला. वारा लागला. चाळीस पावलं म्हणजे काही फार नाही, पण ती चाळीस पावलं त्यांनी आयुष्यात कधी नव्हे इतक्या थाटात काढली.

मग पुढची चाकं स्पीडब्रेकरवरून उतरली, पोटातून खर्रकन आवाज आला आणि मोटार थांबली. पुढे जाईना, मागे येईना. चारही चाकं जमिनीला टेकून-न टेकून होती, मागची नुसतीच फिरत होती आणि मधोमध, सिमेंटच्या उंचवट्यावर, एकशे बारा पानांची मेहनत सात इंचांवर बसली होती.

दोन्ही गोष्टी आपापल्या ड्रॉइंगप्रमाणे अचूक होत्या. दोन्ही सुखदेवरावांनी स्वतः तपासून पास केल्या होत्या. दोन ड्रॉइंगं शेजारी-शेजारी ठेवून पाहणं तेवढं राहून गेलं होतं.

टाळ्या थांबल्या. पुण्यात इतके लोक एकत्र असताना कोणी काही बोलत नाही, ही गंभीर गोष्ट आहे. सुखदेवरावांनी इंजिन बंद केलं. मेळावा दहाला होता. साठ माणसं तिथे असणार आणि दुपारपर्यंत त्यांना कळणार की मेश्राम चाळीस पावलं आले. त्यांनी प्रेमलाबाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

"उतरा," ते हळूच म्हणाले. "रिक्षा बघतो."

"मी नाही उतरत," प्रेमलाबाई म्हणाल्या. "सहा महिने मी पार्किंगमधी चहा आणून देल्ला. मी याच्यातच जाईन."

तेवढ्यात रावसाहेब आले. मेळाव्यासाठी ते कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा घालून स्कूटर काढत होते. स्कूटर तिथेच लावून ते मोटारीपाशी आले, खिशातून पट्टी काढली आणि सर्वांदेखत, त्या पांढऱ्या लेंग्यासकट, रस्त्यावर आडवे झाले. त्यांनी पोटाखाली पट्टी घातली. अठ्ठावीस वर्षं या क्षणाची वाट पाहिलेला माणूस काय म्हणतो, ते ऐकायला दूधवालाही सायकलवरून उतरला.

"चाकाच्या तळापासून धरली तर साडेचार," रावसाहेब खालून म्हणाले. "दोऱ्याइतकाही फरक नाही." मग उठून कपडे झटकत म्हणाले, "काम एक नंबर आहे मेश्राम. चालणार नाही, पण एक नंबर आहे."

हिंदुराव गर्दीतून पुढे आले. त्यांच्या हातात पोतं होतं. पोत्यात चार लोखंडी ठोकळे होते आणि लांब बोल्ट. "तीन-तीन इंचाचे हायत," ते म्हणाले. "कमानपाट्यांखाली बसत्याल. दोन महिने झाले करून ठिवलेत. तुमी इचाराल म्हणून थांबलो व्हतो."

सुखदेवरावांनी एक ठोकळा हातात घेऊन पाहिला. खिशातल्या व्हर्नियरकडे हात गेला आणि तिथेच थांबला. "पण ड्रॉइंगमध्ये..." ते म्हणाले.

"डेव्हिएशन," रावसाहेब म्हणाले. "अडतीस वेळा मी मागितलं. आता एकदा तुम्ही मागा."

पुढचा पाऊण तास बिबवेवाडीचा तो रस्ता बंद होता. अकरा निवृत्तांनी मोटार उचलली, प्रेमलाबाईंसकट, कारण त्या उतरायला तयार नव्हत्या. वेल्डिंग डावीकडून म्हणणारे डावीकडे लागले, उजवीकडूनवाले उजवीकडे, आणि मोटार सरळ वर आली. मालनबाईंनी खिडकीतून पाटांवर पाट पाठवले, पोळपाटासकट, टेकू द्यायला. हिंदुराव खाली शिरले. दहाला पाच कमी असताना शेवटचा बोल्ट आवळला गेला.

सुखदेवरावांनी मोटार मागे घेतली, डोळे मिटले, मग ते बरोबर नाही म्हणून उघडले, आणि पहिला गिअर टाकला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. खाली अर्धा इंच उरला होता. आवाज कसलाच आला नाही. मग एकदम आला तो गॅलऱ्यांचा, आणि तो थेट मार्केट यार्डापर्यंत गेला असावा. प्रेमलाबाईंनी स्कार्फ सोडून हवेत फिरवला. "अहो, गेली की हो!" त्या ओरडल्या. "चालली!"

स्पीडब्रेकरच्या पलीकडे रावसाहेब हात आडवा करून उभे होते. त्यांनी इंग्रजाच्या उपदेशाचं शेवटचं पान मागून घेतलं, पाठकोऱ्या बाजूवर रेघा मारल्या आणि कागद बॉनेटवर ठेवला. सुखदेवरावांनी भरायला घेतलं. वस्तू: मोटार. ड्रॉइंगप्रमाणे उंची: साडेचार इंच. प्रत्यक्ष उंची: साडेसात इंच. कारण, या रकान्यापाशी ते थांबले. इंग्रज गृहस्थाला नेमकं काय कळवावं याचा त्यांनी विचार केला आणि लिहिलं: "बिबवेवाडी."

खाली सह्यांच्या दोन जागा होत्या. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने त्यांचं पेन उजवीकडे, 'तपासणारा' लिहिलं होतं तिथे टेकलं. रावसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं.

"ती जागा माझी," ते म्हणाले. "तुमची इकडं."

आणि त्यांनी हात धरून डावीकडे, 'बनवणारा' या शब्दाखाली नेऊन ठेवला. सुखदेवरावांनी सही केली. बॉनेटच्या गोलाईवर सही वाकडी आली. दुसऱ्या कोणाची असती, तर त्यांनी ती परत पाठवली असती.